हौदातले काळे दाणे

लग्नाकार्यात कुणी विचारलं, की तुम्ही आयुष्यभर काय काम केलं, तर मी सांगतो, पाणी साफ केलं. समोरचा म्हणतो, म्हणजे नळयोजनेत? मी म्हणतो, नाही, गिरणीचं घाण पाणी. मग तो विषय बदलतो आणि जेवण झालं का ते विचारतो. या अंकाच्या संपादकांनी विषय बदलला नाही, उलट लिहून द्या म्हणाले, म्हणून हे लिहितो आहे. सगळी नोकरी सांगत बसत नाही. एका हौदाचं आणि त्यातल्या काळ्या दाण्यांचं तेवढं सांगतो.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूचं. आम्ही कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांची जात. पणज्याच्या वडिलांनी गावचा तलाव बांधला असं घरात सांगायचे. बांधणारे गेले, तलाव राहिला आणि आमच्याकडे त्याखालची थोडी धानाची जमीन राहिली. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो तेव्हा वडिलांनी शाळेतल्या गुरुजींच्या पाया पडायला नेलं होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी मला नोकरी लागली. गोंदियापासून थोड्या अंतरावर एक उसना गिरणी होती, तिच्या मालकानं मला ठेवून घेतलं. गावाचं आणि मालकाचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना सेठजी म्हणत असू. कुणाची ओळख नाही, चिठ्ठी नाही, तरी त्यांनी माझा निकालाचा कागद दोन्ही हातांनी धरून वाचला आणि म्हणाले, "किसान का लड़का है, काम करेगा." पुढचं लिहिताना मला हे आठवतं. त्यांचे उपकार खोटे नव्हते.

उसना तांदूळ म्हणजे उकडा तांदूळ. धान आधी गरम पाण्यात भिजत घालतात, मग वाफ देतात, वाळवतात आणि नंतर भरडतात. तांदूळ कमी तुटतो. हे भिजवणीचं पाणी पिवळं असतं. त्यात धानातली साखर, पिठूळपणा, कोंड्याचे बारीक कण उतरतात, आणि एक दिवस ठेवलं तर ते असं आंबतं, की त्या रस्त्यानं जाणारा माणूस नाकाला रुमाल लावतो. सगळ्या गिरण्यांसारखीच आमची गिरणीही ते नाल्यात सोडायची. नाला खालच्या बोडीत जायचा. बोडी म्हणजे लहान तळं. ती ढिवरांच्या मासेमारी संस्थेकडे ठेक्यानं होती. पाणी असं येऊ लागल्यापासून त्यांनी बोडीत मासोळी सोडणं बंद केलं होतं. त्यांनी तक्रारी केल्या, वरून नोटिसा आल्या, आणि शेवटी सेठजींनी पाणी साफ करणारा हौद बांधायला घेतला. त्या हौदासाठी शिकलेला माणूस पाहिजे, म्हणून मी.

हा हौद दिसायला उंच टाकीसारखा. यात पाणी वरून पडत नाही. तळाशी सोडतात आणि ते सावकाश वर चढतं. हवा अजिबात लागू द्यायची नाही. तळाशी काळा गाळ असतो आणि त्या गाळात जिवाणू असतात, ज्यांना हवा सोसत नाही. काही जिवाणू पाण्यातल्या पिठाचं आणि साखरेचं आम्ल करतात. दुसरे ते आम्ल खाऊन गॅस करतात. गॅस वर जातो, तिथं उलटं नरसाळं बसवलेलं असतं, त्यात तो धरला जातो. पाणी बाजूनं बाहेर पडतं. गाळ पुन्हा खाली बसतो. यात यंत्र म्हणावं असं काही नाही, एक पंप सोडला तर. सगळं काम त्या गाळाचं.

पण गाळ सुटा असेल तर तो पाण्याबरोबर वर येतो आणि निघून जातो. त्याचे दाणे बनावे लागतात. ते कुणी बनवत नाही, बनतात. आम्ही सुरुवातीला गावातल्या गोबर गॅसची रबडी आणून हौदात ओतली. पहिले कित्येक महिने जे पाणी बाहेर पडायचं ते काळंच. सेठजी बघायला यायचे आणि म्हणायचे, "मास्टर, पीला पानी अंदर, काला पानी बाहर. इसके लिए इतना खर्चा?" मला शिकवायला नागपूरहून येणारे साहेब सांगायचे, जे जातं ते जाऊ द्या. जे एकमेकांना धरून राहतील तेच जड होतील आणि तेच थांबतील. पाणी फार जोरात सोडलं तर सगळंच वाहून जातं आणि फार हळू सोडलं तर हलकंही बसून राहतं, मग दाणा धरतच नाही. तेव्हा जरा जरा वाढवत जायचं. पाणी कोमट पाहिजे. आंबटपणा मारायला चुन्याची निवळी पाहिजे. आणि खाणं रोज सारखं पाहिजे, एक दिवस उपास आणि दुसऱ्या दिवशी जेवणावळ असं चालत नाही. मी रोज काचेच्या नळीत नमुना काढायचो आणि गाळ किती लवकर बसतो ते बघायचो.

एके दिवशी तो पडल्यासारखा खाली गेला. नळी उन्हात धरली तर तळाशी मोहरीसारखे काळे गोल दाणे. चिमटीत घेतले तर घरंगळत होते. नखानं एक फोडला. आत सोनेरी तूस होतं, धानाच्या टरफलाचा कण. भिजवणीतून आलेल्या त्या कणाला आधी कुणीतरी चिकटलं, त्याला दुसरं, आणि थरावर थर बसत गेला. नंतरही मी पुष्कळ दाणे फोडून पाहिले, आमच्या हौदातल्या बऱ्याच दाण्यांच्या पोटात ते तूस सापडायचं. दाण्याच्या बाहेरच्या थरात आम्ल करणारे असतात आणि आत गॅस करणारे. एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचं जेवण. दूर राहिले तर दोघंही उपाशी, म्हणून ते असे बिलगून राहतात. मी हे पुस्तकात वाचलं होतं. तळहातावर बघितलं तेव्हा मी गिरणीभर लोकांना दाखवत फिरलो.

सेठजींच्या गादीवर तेव्हा एक दलाल बसलेले होते, सगळे त्यांना मुन्नाभाई म्हणायचे. गोंदियात दलाल म्हणजे तळहातावर नमुना घेणारा, फुंकर मारणारा आणि दाताखाली दाणा फोडून ओल सांगणारा माणूस. मी तळहात पुढे केला. मी काही सांगायच्या आत मुन्नाभाईंनी सवयीनं एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला.

"मास्टर, माल कच्चा है," ते म्हणाले. "कौन सी किस्म है?"

"गोबर है, मुन्नाभाई," सेठजी म्हणाले. "पंद्रह मिनट पहले टाकी से निकला है."

मुन्नाभाईंनी अंगणात जाऊन तांब्यावर तांब्या चूळ भरली. गादीवरची माणसं डोळे पुसेपर्यंत हसली. मीही हसलो. पण परत आल्यावर ते विचारू लागले, हा माल दुसऱ्या कुणाला लागतो का? मी उत्साहानं सांगून टाकलं, की नवा हौद सुरू करणारे लोक असे दाणे शोधत फिरतात, कारण तयार दाणे टाकले तर गोबरापासून सुरुवात करावी लागत नाही. दलालाला अशी गोष्ट सांगायची नसते. हे माझ्या पदवीत नव्हतं.

हौद चालू लागला. बाहेर पडणारं पाणी फिकट झालं, वास गेला. पावसाळ्यात गिरणी बंद असायची, पण दाणे उपाशी राहूनही जिवंत राहायचे आणि नवं धान आलं की काही दिवसांत कामाला लागायचे. नाल्याच्या काठचं काळं हळूहळू धुऊन गेलं. तेव्हा ढिवरांचे म्होरके दसरू काका मला भेटायला आले. उंच, वाळका माणूस. आधी हौदाभोवती फिरून वास घेतला, मग विचारलं, "बाबू, तू शिकेल मानूस आहेस. बोडीत बीज सोडू का नाई, सांग."

मी म्हटलं, "सोडा, काका."

"तुया शब्दावर सोडतो मंग."

त्यांनी रोहू आणि कतल्याचं बोटाएवढं बीज सोडलं. फाल्गुनात त्यातली मासोळी निघाली तेव्हा त्यांनी कुडव्याच्या बाजारात न्यायच्या आधी एक मोठा रोहू माझ्या खोलीवर आणून दिला. पुढे दरवर्षी श्रावणात ते यायचे, हौदाभोवती फिरायचे, तेच विचारायचे आणि मी तेच सांगायचो. माझ्या पूर्वजांनी तलाव बांधला होता. मी एक बोडी राखतो आहे, असं मनात यायचं. कुणाला बोलून दाखवलं नाही.

मग ते वर्ष आलं. त्याही श्रावणात काकांनी विचारलं, मी हो म्हटलं, त्यांनी बीज सोडलं. दिवाळीच्या आधी सेठजींनी मला गादीवर बोलावलं. मुन्नाभाई बसले होते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दारूच्या कारखान्यानं तसाच हौद बांधला होता आणि त्यांना दाणे पाहिजे होते. मुन्नाभाईंनी कागदाच्या पुडीत नमुना नेऊन सौदाही पक्का केला होता, तांदळाचा करतात तसा.

तांदळाच्या धंद्यात एक रीत आहे. नवं धान यायच्या आधी गोदाम रिकामं करायचं. जुना माल ठेवून नव्याची वाट बघणारा व्यापारी बुडाला म्हणून समजतात. दसरा झाला की गोंदियातली सगळी गोदामं झाडून निघतात. सेठजींनी जन्मभर हे केलं होतं, वडिलांना करताना पाहिलं होतं. हौदही त्यांना गोदामासारखाच दिसला.

मी म्हटलं, "सेठजी, चौथाई दे दीजिए. बाकी रहना चाहिए."

"किसान बीज के लिए कितना रखता है, मास्टर? तुम तो किसान के लड़के हो. कोठी भर रखता है क्या?"

"यह धान नहीं है, सेठजी. दाने कम पड़े और पानी पूरा आया, तो आम्ल करनेवाले आगे निकल जाएँगे, गैसवाले पीछे रह जाएँगे. टाकी खट्टी हो जाएगी."

"तो गोबर डाल देना. पहले भी गोबर से ही बना था."

"उसमें बहुत समय गया था."

सेठजी हसले. तो चेहरा मला अजून दिसतो, कारण त्यात लबाडी नव्हती. "तुम हो ना, मास्टर," ते म्हणाले. "एक बार बनाया है, फिर बना लोगे."

माझ्यावर इतका विश्वास त्यांच्याशिवाय कुणी दाखवला नव्हता, आणि त्याच विश्वासावर त्यांनी हौद रिकामा केला.

टँकर आले. पाइप तळाशी सोडला आणि दाणे ओढून घेऊ लागले. मी पाइपजवळ उभा होतो. थोडं तरी जास्त मागे राहावं म्हणून पाइप वर घ्या, वर घ्या म्हणत होतो. मुन्नाभाई म्हणाले, "मास्टर, बेटी की बिदाई है क्या? मुँह तो देखो." टँकरवाले हसले. शेवटी तळाशी जे राहिलं ते न दिल्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी सायकल घेऊन बोडीवर गेलो. दसरू काका आणि आणखी चारपाच जण पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळं विणत बसले होते.

"काका, मासोळी काढून घ्या," मी म्हटलं. "दिवाळीनंतर गिरणी सुरू होईल. पाणी बिघडणार आहे."

"काऊन?"

"सेठनं हौदातला गाळ विकला."

काका बाकीच्यांकडे बघून म्हणाले, "आयका. गाळ गेला तं पानी साफ होईल ना गा. बिघडन कायले?"

"त्या गाळानंच पाणी साफ होत होतं."

"गाळानं?" एक म्हातारी बाई जाळ्यातून मान वर न करता म्हणाली, "मंग आमी घरचे गुंड-भांडे गाळानंच घासत जाऊ."

सगळे हसले. मी खाली बसून पुन्हा समजावलं, दाणे, आम्ल, गॅस, सगळं. जितकं जास्त सांगत गेलो तितका मी त्यांना शिकून बिघडलेल्या माणसासारखा दिसत गेलो असणार. काकांनी ऐकून घेतलं. मग पाण्यात हात घालून दाखवलं. "हे बग, तळ दिसून राहिला. आन मासोळी हातभर तं नाई, बोटभर आहे. आता काढून का भाजी करू? फागुनात काढू. सावनात तूच म्हनला होता, सोडा म्हनून."

मी सायकल उचलली आणि गिरणीवर परतलो.

दिवाळीनंतर धानाच्या गाड्या लागल्या. मी सेठजींना म्हटलं, काही दिवस थोडंच धान भिजवू, हौदाला झेपेल तेवढं. ते म्हणाले, माल भरायचा आहे, वॅगन कुणासाठी थांबत नाही. मी गोबर ओतलं, चुना ओतला. पण हौद आंबायला लागला की तो थांबत नाही. आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, गॅस करणारे सावकाश. आम्ल साचतं आणि त्या आम्लानंच गॅस करणारे मरतात, म्हणजे आणखी आम्ल. वर फेस आला. गॅस बंद झाला. जुना वास परत आला आणि पिवळं पाणी जसंच्या तसं नाल्यात गेलं. धान भिजवणं थांबवा म्हणून मी सांगत राहिलो आणि हमाल पोती ओतत राहिले.

मासे एका सकाळी वर आले. मी गेलो तेव्हा दसरू काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून टोपलीनं ते गोळा करत होते. वीतभर झाले होते. पोटं वर, पांढरी. काठावर ढीग होता आणि त्यावर कावळे. पाळीवरून कुणीतरी मला आईवरून शिवी दिली. काकांनी त्याला गप्प केलं आणि टोपली घेऊन माझ्यापर्यंत आले.

"बाबू," ते म्हणाले, "तू खरा बोलला होता." मग टोपली ढिगावर रिकामी केली. "पन तुया खऱ्याचं आमी का करू?"

तक्रार झाली. तपासणीला एक साहेब आले. गादीवर त्यांना चहा दिला आणि मला बोलावलं. साहेबांनी विचारलं, हौद कशानं बिघडला? सेठजी म्हणाले, "ठंड बहुत पड़ी ना इस साल. कीड़े मर गए. क्यों, मास्टर?"

मी म्हटलं, "थंडीनं नाही, साहेब. हौदातले दाणे विकले."

"कोणते दाणे?"

"गाळाचे."

साहेबांनी कप खाली ठेवला. "गाळ विकला? गाळ कोण विकत घेतो?"

मुन्नाभाई कोपऱ्यात होते, त्यांनी छताकडे बघितलं. विकलेल्या मालाचा तुकडाभर कागद नव्हता. काढलेला गाळ म्हणून तो गेला होता आणि गाळ काढणं तर चांगलंच काम. सेठजींना माझा रागही आला नाही. ते साहेबांना म्हणाले, "बहुत मेहनती लड़का है. टाकी से दिल लगा बैठा है बेचारा." साहेबांनी माझ्याकडे दयेनं बघितलं आणि थंडी लिहून घेतली.

मी लगेच नोकरी सोडली असं लिहायला आवडलं असतं. घरी माझ्या पगारावर चूल होती. मी राहिलो, पुन्हा गोबर आणलं, पुन्हा नळीत नमुने बघितले, आणि खूप दिवसांनी पुन्हा मोहरीसारखे दाणे धरले. सेठजी म्हणाले, "देखा? मैंने कहा था ना." पण श्रावणात विचारायला कुणी आलं नाही. संस्थेनं बोडीचा ठेका सोडला होता. तिथं बेशरमाची झुडपं माजली. ढिवरांची पोरं बांधकामावर नागपूरला गेली. दसरू काका बाजारात दुसऱ्याची मासोळी कापून द्यायला बसू लागले. मी समोर गेलो की ते बसायला बोरा सरकवायचे आणि हौदाचं नाव काढायचे नाहीत. काही वर्षांनी मीही दुसरी नोकरी धरली.

त्या दुसऱ्या नोकरीत मला ठिकठिकाणचे हौद तपासायला जावं लागायचं. असाच एकदा त्या दारूच्या कारखान्यात गेलो. तिथला इंजिनिअर तरुण होता, हौशी होता. त्यानं टेबलावरची काचेची बरणी पुढे केली. काळे, चकचकीत दाणे, आमच्यापेक्षाही मोठे झालेले.

"बाहेरून मागवलं होतं सर, सुरुवातीला," तो म्हणाला. "परदेशातून असावं. असं आपल्याकडे होत नाही." हौद सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ही बरणी भरली आणि तेव्हापासून तशीच जपून ठेवली आहे, असंही तो म्हणाला.

मी दोन दाणे तळहातावर घेतले. एक फोडला, त्यात काही नव्हतं. दुसरा फोडला. आत सोनेरी तूस होतं. दारूच्या कारखान्यात धान भिजवत नाहीत.

"हे गोंदियाचं आहे," मी म्हटलं.

तो नम्रपणे हसला. जुनी माणसं असं काहीतरी बोलतात, असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं मला शेवटची टाकी दाखवायला नेलं. साफ झालेलं पाणी तिथं साठवतात. पाहुण्यांना पाण्याची खात्री पटावी म्हणून त्यात रंगीत मासे सोडले होते, लाल, केशरी, लांब शेपटीचे. इंजिनिअरनं खिशातून पुडी काढून त्यांना खाणं टाकलं. ते सगळे एकदम वर आले.

गोंदियाला परत आल्यावर मी बाजारात गेलो. दसरू काकांनी बोरा सरकवला. मी पहिल्यांदाच हौदाचं नाव काढलं. आपले दाणे तिकडे जिवंत आहेत, पाणी साफ निघतं आणि त्या पाण्यात मासे आहेत, हे सांगितलं.

काका एका गिऱ्हाईकाची मासोळी खवलत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "रोहू?"

"नाही. रंगीत."

"खाच्याचे आहेत का?"

"नाही, काका. बघायचे."

त्यांनी मासोळीचे तुकडे कागदात बांधून गिऱ्हाईकाला दिले, विळा पुसला आणि माझ्याकडे बघितलं. खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग कायले पोसून राहिले?"